पुन्हा तोच पासवर्ड!

दूरच्या यंत्रात पासवर्डविना शिरता यावे म्हणून डिजिटल किल्ल्यांची (कीजची) जोडी तयार केली, त्यातली सार्वजनिक किल्ली पलीकडच्या यंत्रावरील ऑथोराइज्ड-कीज फाइलीत चढवली, फोल्डरला ७०० आणि फाइलीला ६०० परवानगी दिली (म्हणजे मालकाखेरीज कोणाला हात लावता येऊ नये), आणि तरीही एसएसएच, म्हणजे दूरच्या यंत्राशी सुरक्षितपणे जोडणारी प्रणाली, निर्लज्जपणे पासवर्डच मागणार असेल, तर हा सगळा खटाटोप आम्ही कोणासाठी केला? बरे, नकाराचे कारण तरी सांगावे! ते लिहिलेले असते पलीकडच्या यंत्राच्या लॉगमध्ये, आणि तो वाचायला लागतात रूटचे, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याचे, अधिकार, जे आम्हा पामरांना कोण देणार? काल तीन तास डोके फोडल्यावर कळले, की पलीकडच्या यंत्रावरील माझ्या होम डिरेक्टरीत (खात्याच्या मुख्य फोल्डरात) गटातल्या इतरांना लिहिण्याची मुभा राहून गेली होती. त्या एका ‘डब्ल्यू’पायी (डब्ल्यू म्हणजे राइट, लिहिण्याची परवानगी) स्ट्रिक्टमोड्स या परवानग्या तपासणाऱ्या सेटिंग महाराजांनी किल्लीकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. परवा किल्ली चिकटवताना मधेच ओळ तुटली होती. त्याआधी कळले, की २०२१ मधल्या ओपनएसएसएच ८.८ ने (एसएसएचच्या प्रचलित सॉफ्टवेअरच्या आवृत्तीने) एसएचए-१ वाली जुनी आरएसए सही, म्हणजे किल्लीने ओळख पटवण्याची जुनी पद्धत, मूळ मांडणीतूनच बाद केली आहे. आमच्या म्हाताऱ्या वर्कस्टेशनला मात्र दुसरी सही येतच नाही. दहा यंत्रे, दहा रुसवे! आणि एवढे सगळे निस्तरत असताना शेजारच्या टेबलावरून सल्ला येतो, “अहो, पासवर्डच टाका ना, कितीसा वेळ लागतो?”