सारा-सार विचार

ब्रिटनमध्ये तुमची नोकरी गेली असेल आणि सरकारी भत्त्यासाठी अर्ज करायच्या विचारात असाल, तर आधी एक करा. अस्तित्वात राहू नका.

दचकायचं कारण नाही. तिथलं काम आणि पेन्शन खातं, ज्याला सगळे डीडब्ल्यूपी म्हणतात, त्याचं खऱ्या माणसांशी फारसं पटत नाही. नसलेल्या माणसांवर मात्र त्याचा भारी जीव. २०१५ साली या खात्याने एक पत्रक काढलं होतं. भत्ता कापला जातो म्हणजे काय होतं, हे खुद्द लाभार्थ्यांच्या तोंडून सांगणारं. त्यात सारा होती. सीव्हीचा आपल्याला काही उपयोग होईल असं साराला वाटत नव्हतं, म्हणून तिने तो केलाच नाही. भत्ता जाईल असं सांगितल्यावर केला. तरी पैसे कमी आलेच, आणि तेही दोन आठवडे, कारण मागे मार्चमध्ये तिने खात्यातली एक भेट चुकवली होती. दुसरी कुणी असती तर तणतणली असती. सारा म्हणाली, आता माझा सीव्ही काय छान दिसतोय! त्याच पत्रकात झॅक होता. झॅकला भेटीच्या दिवशी दवाखान्यात जायचं होतं. त्याने आधी कळवलं, पुरावा दाखवला, त्याचा एक पेन्सही कापला गेला नाही. गुणी पोरगा.

मग माहितीच्या अधिकारात कुणीतरी विचारलं, की ही मंडळी नेमकी आहेत कोण? खात्याने सांगितलं, कुणीच नाहीत. नावं खरी नव्हती, फोटो त्यांचे नव्हते, मनोगतं 'केवळ उदाहरणादाखल' होती. फोटोंच्या जागी काळ्या सावल्या आल्या आणि शेवटी पत्रकच गुंडाळलं गेलं.

लोक हसले. मला साराबद्दल आदरच वाटतो. ती खात्याला फोन करत नाही. दोन आठवडे पैसे कमी आले म्हणून तिचं भाडं थकत नाही, कारण तिला घर नाही. तिला भूकही लागत नाही. आणि एवढं सोसून वर समाधानी. यापेक्षा चांगली लाभार्थी खात्याला आजवर मिळालेली नाही. तेव्हा आपणही पायरीपायरीला सारासार विचार करायचा. म्हणजे असं, की इथे सारा असती तर तिने काय केलं असतं?

पहिली पायरी अर्जाची. युनिव्हर्सल क्रेडिट हा भत्ता २०१२ च्या कायद्याने आला आणि २०१३ पासून हळूहळू लागू झाला. सहा जुन्या भत्त्यांची एकच मोट बांधून सगळं सोपं करायचं असं ठरलं होतं. हे सोपं करण्याचं काम पुढे दहा वर्षं उलटून गेली तरी चालूच होतं. अर्ज ऑनलाइन असतो. पहिले पैसे साधारण पाच आठवड्यांनी येतात. आधी हे सहा आठवडे होते, २०१८ मध्ये एक आठवडा सोडला, त्याबद्दल आभार मानायला विसरू नका. नोकरदाराला पगार महिना भरल्यावर मिळतो, तीच सवय तुम्हालाही लागावी असा या थांबण्यामागचा हेतू. नोकरदाराला ती सवय लागते ती आधीच्या महिन्याच्या पगारावर, हा तपशील तेवढा हेतूत बसला नाही.

सारा पाच आठवडे सहज काढेल. तुम्हाला जमणार नसेल तर उचल मिळते. बिनव्याजी आहे. मात्र तिला मदत समजून हुरळून जाऊ नका, पुढे दोन वर्षांपर्यंत ती तुमच्याच भत्त्यातून महिन्याच्या महिन्याला वळती होते. सरकार तुम्हाला पायावर उभं करणार आहे, पण आधी पायात काहीतरी बांधून.

मध्येच शंका आली तर फोन करता येतो. लाइनवर थांबताना वर्षानुवर्षं विव्हाल्दीचा 'वसंत' वाजायचा, तो ऐकता ऐकता बाहेरचा ऋतू बदलला असं सांगणारे लोक भेटतात. २०१७ च्या अखेरीपर्यंत हे संगीत फुकटही नव्हतं. मोबाइलवरून मिनिटाला ५५ पेन्सपर्यंत पडायचे. खिशात पैसे नाहीत हे सांगायला खिशातले पैसे लागत. (५५ हा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.)

आता वचननामा. त्याला क्लेमंट कमिटमेंट म्हणतात, आणि त्यावर तुम्ही राजीखुशीने सही करायची असते, कारण नाही केली तर भत्ता नाही. पूर्ण वेळ काम करू शकणाऱ्या माणसाने आठवड्याला ३५ तास काम शोधायचं, हा त्यातला सर्वसाधारण नियम. थोडा हिशेब करू. २०२५-२६ मध्ये पंचविशी ओलांडलेल्या एकट्या माणसाचा मूळ भत्ता महिन्याला ४००.१४ पौंड, घरभाड्याचं वेगळं. महिन्याचे शोधायचे तास दीडशेच्या थोडे वर. म्हणजे ताशी २ पौंड ६४ पेन्सच्या आसपास. त्याच वर्षी तिथलं कायद्याने ठरलेलं किमान वेतन ताशी १२ पौंड २१ पेन्स. तुम्ही बेकार आहात असं जे तुम्हाला वाटतंय ते चूक आहे. तुम्हाला पूर्णवेळ काम आहे, फक्त ते देणारा मालक किमान वेतन पाळत नाही. वरच्या १४ पेन्सांकडेही एकदा प्रेमाने बघा. माणूस पेन्सापर्यंत मोजून दिलेला आहे.

या ३५ तासांचा पुरावा तुमच्या ऑनलाइन जर्नलमध्ये ठेवायचा. रोजनिशीच ती, फक्त दुसऱ्याने वाचायची. नोकरी शोधण्यापेक्षा शोधल्याचं लिहिण्याकडे लक्ष द्या, कारण तपासलं जातं ते लिहिलेलं. 'गोदामाच्या गेटवर जाऊन विचारलं, वॉचमनने नाही म्हणून सांगितलं' असं लिहू नका. 'वितरण क्षेत्रातील संधींचा प्रत्यक्ष आढावा घेतला, दीड तास' असं लिहा. जाण्यायेण्याचे धरले तर पावणेदोन.

जर्नल तुमच्याशीही बोलतं. मोबाइलवर मेसेज येतो, की तुमच्या खात्यात एक संदेश आलेला आहे. काय संदेश, ते त्यात नसतं. भेटीची तारीख असेल, एखादा कागद हवा असेल, पैसे थांबवले असतील, काहीही असेल. मग डेटा संपलेला फोन हातात धरून तुम्ही वाचनालय गाठता, कॉम्प्युटरसाठी रांग लावता, पासवर्ड चुकवता, परत टाकता, आणि संदेश उघडतो. त्यात लिहिलेलं असतं, की तुम्ही जर्नल नियमित पाहत जावं. हा शेवटचा नमुना माझा, केवळ उदाहरणादाखल. खात्याला चालतं तर मलाही चालावं.

भेट वर्क कोचशी, म्हणजे तुम्हाला कामाला लावायला नेमलेल्या खात्याच्या माणसाशी असते. बहुतेक वेळा दहा मिनिटं. पहिली दोन मिनिटं कॉम्प्युटर सुरू व्हायला जातात आणि शेवटची दोन पुढची तारीख शोधायला. टेबलापलीकडच्या बाईंच्या स्क्रीनवर तुम्ही असताच, त्यामुळे त्यांनी मान वळवून तुमच्याकडे बघण्याची गरज नसते. बिचाऱ्यांचा दोष म्हणाल तर नाही, तुमच्यामागे दुसरा बसलाय आणि त्याच्यामागे तिसरा. मधली सहा मिनिटं मात्र तुमची. त्यात आयुष्य, आजार, आईचं दुखणं, बुडालेला धंदा, गेलेली बायको, जे काही असेल ते उरकून घ्या. सारा यातलं काहीच सांगत नाही. ती सीव्ही दाखवते.

स्वतःबद्दल न्यूनगंड आला तर २०१३ ची एक गोष्ट आठवा. सरकारच्या वर्तनशास्त्र विभागाने, ज्याला 'नज युनिट' म्हणत, बेकारांसाठी व्यक्तिमत्त्वाची एक ऑनलाइन चाचणी काढली होती. तुमची बलस्थानं कोणती ते ती सांगायची. काही चौकस लोकांनी वेगवेगळी उत्तरं देऊन पाहिली, आणि काहीही उत्तर दिलं तरी बलस्थानं तीच निघतात असं त्यांच्या लक्षात आलं. इतकी समता कुठल्या क्रांतीलाही साधली नव्हती. चाचणी केली नाहीत तर भत्ता जाईल असंही काहींना बजावलं गेलं होतं. म्हणजे कुतूहल हे तुमचं बलस्थान आहे, हे तुम्ही मुकाट्याने ऐकून घ्यायचं.

आता सँक्शन. मराठी माणसाने इथे फार जपावं. आपल्याकडे कर्ज सँक्शन झालं की जीव भांड्यात पडतो. तिथे 'तुम्हाला सँक्शन झालं' असं कळलं तर कुणाला आनंदाने फोन करू नका, तुमचा भत्ता कापला गेलाय. भेटीला उशीर, जर्नल अपुरं, अर्ज कमी, कशावरूनही होतं. २०१२ पासून कमाल शिक्षा तीन वर्षांची होती, २०१९ मध्ये ती सहा महिन्यांवर आणली. आणि अगदीच हाल झाले तर हार्डशिप पेमेंट मागता येतं, तेही नंतर फेडायचं असतं.

याने माणसं कामाला लागतात का, असा आगाऊ प्रश्न काहींना पडतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयालाही पडला. त्यांच्या २०१६ च्या अहवालाप्रमाणे, २०१५ मध्ये खात्याने सुमारे १३ कोटी २० लाख पौंडांचे भत्ते रोखले, आणि सँक्शनचा कारभार चालवायला वर्षाला ३ ते ५ कोटी पौंड लागत असावेत. एवढं करून शिक्षेचा माणसावर काय परिणाम होतो, हे स्वतःकडच्या आकडेवारीतून तपासायचं काम मात्र खातं करत नव्हतं. आता जरा कल्पना करा, की तुम्ही वर्षभर अर्ज पाठवलेत आणि उपयोग झाला की नाही ते बघितलंच नाही. वर्क कोचने काय केलं असतं तुमचं?

कामाचा अनुभव देऊ केला तर हसतमुखाने घ्या. भूगर्भशास्त्र शिकलेली एक तरुणी एका संग्रहालयात विनावेतन काम करत होती, तिथेच पुढे काहीतरी जमेल या आशेने. तिला ते सोडून एक पौंडाच्या दुकानात फुकट फळ्यांवर माल लावायला जावं लागलं. खडकांचे थर काय, बिस्किटांचे थर काय. ती कोर्टात गेली. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, की कामाचा अनुभव देणाऱ्या या योजनेचे नियमच बेकायदेशीर आहेत, योजना म्हणजे नेमकं काय ते त्यांत धड लिहिलेलंच नाही. सरकारने मग काय केलं असेल? मागच्या तारखेपासून लागू होणारा नवा कायदा काही आठवड्यांत मंजूर करून घेतला. तुमचा फॉर्म चुकला तर हा मार्ग तुम्हाला खुला नाही. उगाच विचारू नका.

एवढं सगळं असूनही लोकांच्या मनात गैरसमज राहतात. ते दूर करण्यासाठी २०१९ मध्ये खात्याने 'मेट्रो' या फुकट वाटल्या जाणाऱ्या दैनिकात आठवड्यांमागून आठवडे जाहिराती दिल्या. युनिव्हर्सल क्रेडिटवर लोक लवकर कामाला लागतात, गरज असेल तर उचल तातडीने मिळते, भाडं थेट घरमालकाला देता येतं, असा एकंदर सूर. नोव्हेंबरमध्ये जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने हे दावे दिशाभूल करणारे ठरवले. लोकांचे गैरसमज खोडायला निघालेल्या खात्याच्या नावावर तीन नवे जमा झाले. तुम्ही मात्र सीव्हीत काय वाट्टेल ते लिहू नका, हं.

दुसऱ्या वर्षी फातिमा आली. बॅले नर्तकीचा फोटो, आणि खाली, की फातिमाची पुढची नोकरी सायबरमध्ये असू शकते, फक्त तिला ते अजून माहीत नाही. ही जाहिरात या खात्याची नव्हती, सरकारच्याच सायबर प्रशिक्षणाच्या कार्यक्रमाची होती, पण घराणं एकच. २०२० चा ऑक्टोबर, थिएटरं बंद, नर्तक घरी. संस्कृती मंत्र्यांनीच जाहिरातीला अशोभनीय म्हटलं. फोटोतली मुलगी अमेरिकेतली नर्तकी होती आणि तिचं नाव फातिमा नव्हतं. सारा, झॅक, फातिमा. मला वाटतं यांची एव्हाना एक वस्ती झाली असावी, तिथे बेकारी शून्य टक्के.

समजा चुकून नोकरी लागलीच. तर प्रत्येक कमावलेल्या पौंडामागे ५५ पेन्स भत्ता कमी होतो. आले का ५५? मुलं असतील किंवा आजारपण असेल तर सुरुवातीची काही कमाई सोडतात, नाहीतर पहिल्या पौंडापासून. आणि पगाराची तारीख मालकाला आधी विचारून घ्या. चार एकट्या आयांचा पगार महिन्याच्या शेवटी व्हायचा. मध्ये सुट्टी आली की तो एकदोन दिवस आधी जमा व्हायचा आणि डीडब्ल्यूपीच्या हिशेबाच्या एका महिन्यात दोन पगार दिसायचे. लगेच भत्ता कोसळायचा. पुढच्या महिन्यात पगार शून्य. बायकांनी सांगून पाहिलं, की पगार एकच आहे, कॅलेंडर आडवं आलंय. पटेना. अखेर जून २०२० मध्ये अपील न्यायालयाने हे वागणं तर्काला सोडून आहे असा निकाल दिला. रविवार कधी येतो हे समजायला खात्याला तीन न्यायाधीश लागले.

साराला पगारच नाही, त्यामुळे तिला ही अडचण आली नसती.

मन लावून हे सगळं पाळलंत तर काही महिन्यांत तुम्ही यादीतून जाल. नोकरी लागून गेलात, की कंटाळून, की पासवर्ड विसरून, हे बेकारांच्या खाली येणाऱ्या आकड्याला कळत नाही. तो नुसता खाली येतो. आणि कुणी सांगावं, पुढच्या पत्रकासाठी मनोगत मागायला तुम्हाला फोनही येईल. फोटो मागितला तर खिडकीकडे पाठ करून उभे राहा. मागे उजेड भरपूर हवा, चेहरा पूर्ण काळा आला पाहिजे. नंतर बदलायचं त्यांचं काम वाचतं.