एमआरआयच्या नावातून 'न्यूक्लिअर' काढलं म्हणून रेडिएशन लपवलं असं होत नाही

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, की एमआरआयचं खरं नाव एनएमआर (न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स), त्यातला एन म्हणजे न्यूक्लिअर, लोक घाबरतील म्हणून तो उडवला आणि रेडिएशन दडवलं, एक एमआरआय म्हणजे शंभर एक्स-रे आणि वर स्कॅनच्या वेळी देतात ते इंजेक्शनही रेडिओअॅक्टिव्ह. वर्तकनगरच्या आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी हे वाचून कमरेचा एमआरआय पुढे ढकललाय, पायाला मुंग्या येतायत तरी. म्हणून लिहितेय.

नाव बदललं हे खरंय. १९४६ मध्ये ब्लॉख आणि पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे जे दाखवलं, ज्याचं १९५२ चं नोबेल मिळालं, ते न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्सच, आणि केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये आजही एनएमआरच म्हणतात, एमएससीच्या कुठल्याही पोराला विचारा. १९७३ ला लॉटरबर या केमिस्टने त्यावरून चित्र काढून दाखवलं तेव्हा त्याने तर झूग्मॅटोग्राफी असं नाव ठेवलेलं, ते काही टिकलं नाही. मग १९८० च्या दशकात मशिन्स हॉस्पिटलात आली तेव्हा न्यूक्लिअर गळलं, आणि पेशंट बिचकतात हे त्यामागचं एक कारण होतंच.

पण दडवायला होतं काय? इथे न्यूक्लिअर म्हणजे शरीरातल्या पाण्यातल्या, चरबीतल्या हायड्रोजनचं केंद्रक. ते फुटत नाही, त्यातून किरण निघत नाहीत, मॅग्नेटमध्ये असताना ठराविक रेडिओ लहरीला ते साद देतं एवढंच. दीड टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे मॅग्नेटची ताकद मोजायचं एकक) मशिनमध्ये ती लहर साधारण ६४ मेगाहर्ट्झची, आपला एफएम ८८ ला सुरू होतो, म्हणजे त्याच्याही खाली. एक्स-रेचा हिशोब सीटी स्कॅनला लागतो, एमआरआयमध्ये एक्स-रे नसतातच.

इंजेक्शन गॅडोलिनियम या धातूच्या संयुगाचं असतं, चित्र स्पष्ट यावं म्हणून, तेही सगळ्यांना देत नाहीत आणि ते रेडिओअॅक्टिव्ह नाही. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी सांगायचं. रेडिओअॅक्टिव्ह औषध देतात ते बोन स्कॅन, पेट स्कॅनला, तो न्यूक्लिअर मेडिसिनचा विभाग वेगळा, आणि अशी काही औषधं आपल्या वाशीला ब्रिट या अणुऊर्जा विभागाच्या सरकारी संस्थेत बनतात, त्यातही लपवाछपवी काही नाही.

खरा धोका मॅग्नेटचा, तो स्कॅन चालू नसतानाही चालूच असतो. २०१८ मध्ये मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या नातेवाइकाचा जीव गेला होता. तेव्हा पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलेला असेल तर टेक्निशियनला आत जायच्या आधी सांगा, आणि सोबत येणाऱ्यांनीही खिसे रिकामे करा.