नवेगावबांध ‘निसर्गनिर्मित’ नाही

आज सकाळी एका रीलमध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधच्या तलावाचे वर्णन ‘माणसाचा हात न लागलेले निसर्गनिर्मित सरोवर’ असे ऐकले, वर ‘इथे काहीच नाही, फक्त शांतता’ हेही ऐकले, आणि तेव्हापासून डोके ठिकाणावर नाही.

हा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे अवघी पंचक्रोशी सांगते. सात डोंगरांच्या मधली नेमकी जागा हेरून पाळ घालणे, सांडवा काढणे, धानाच्या बांध्यांपर्यंत पाणी उतरवणे हे काय आपोआप झाले? गोंदिया-भंडाऱ्यातले हजारो मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले तलाव, अशाच माणसांच्या घामाचे आहेत.

माझे आजोळ अर्जुनी मोरगाव तालुक्यातले. मामांचे एक स्नेही ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातले होते. पाळीवर उभे राहून, पाण्यावर उठणाऱ्या बुडबुड्यांवरून खाली मरळ मासा आहे की दुसरे काही, हे ते सांगत. मी एकदा त्यांना विचारले की हे तुम्हाला कळते तरी कसे, तर म्हणाले, “भाच्या, काठावरून तलाव समजत नाही, पाण्यात उतरावं लागते.” रील काढणारे महाशय मात्र काठावर ड्रोन उडवून निघून गेले.

मान्य आहे, पर्यटक आले की चहाच्या टपरीवर दोन पैसे जास्त येतात. परंतु मालगुजारी संपून तलाव सरकारकडे गेल्यावर गाळ साचला, बेशरम नावाची झुडपी वनस्पती माजली, देशी मासळी घटली, आणि या सगळ्याची झळ बसली ती जाळे टाकणाऱ्या घरांना. काही गावांत ढिवर समाजाच्या बायांनीच पाण्यात उतरून ती बेशरम उपटली आणि तिथे देशी पाणवनस्पती लावल्या. मामांचे ते स्नेही आज असते, तर त्या बायांकडे पाहून खुशीत हसले असते.

लिहिता लिहिता राग थोडा ओसरला आहे, कारण हा मुलूखच तसा आहे. इटियाडोह धरणापासून जवळच गोठणगावला १९७२ पासून वसलेली तिबेटी वसाहत आहे. प्रतापगडला महाशिवरात्रीची जत्रा भरते आणि तिथेच ख्वाजा उस्मान हारुनींचा दर्गाही आहे. राज्यातले सारस प्रामुख्याने याच जिल्ह्यात उरले आहेत आणि ते अभयारण्यात नव्हे, तर शेतकऱ्याच्या धानात घरटे करतात. एवढे सगळे असताना ‘इथे काहीच नाही, फक्त शांतता’ असे म्हणायला जीभ कशी रेटते, हे त्या बुडबुडे वाचणाऱ्या म्हाताऱ्याला विचारायला हवे होते.

आपल्यापैकी जे हिवाळ्यात पक्षी बघायला जाणार आहेत, त्यांनी पाळीवर बसलेल्या माणसाशी आधी दोन शब्द बोलावे आणि मासोळी घेतलीच, तर कृपया भाव करू नये.