कोंबड्याचा मुखवटा घातलेला मामा

परवा रात्री दीड वाजता भाच्यानं मला रंगेहाथ पकडलं. लॅपटॉपवर गुलाबी-निळ्या उजेडात कोंबड्याचा मुखवटा घातलेला एक गडी बॅटनं माणसं आडवी करत होता आणि त्याचा बेचाळीस वर्षांचा मामा "आता शेवटचं" असं दहाव्यांदा पुटपुटत होता.

"मामा, हे काय खेळाय लागलाय? माणसं मुंगीएवढी आणि रक्त बादलीभर!"

गेमचं नाव हॉटलाइन मायामी. स्वीडनच्या दोघांनी केलेला, २०१२ चा. गोष्ट १९८९ ची. फोनवर वरकरणी साधा निरोप येतो, दिलेल्या पत्त्यावर जायचं, तिथं असतील तेवढ्यांना संपवायचं, परत यायचं. चित्रं अशी ठोकळेबाज की आमच्या शाळेच्या दिवसांतलं व्हिडिओ गेम पार्लर आठवावं.

रक्ताचं मला कौतुक नाही हो. रक्ताचे गेम पैशाला पासरी मिळतात, झोप येते खेळताना. इथं एक फटका बसला की खेळ खल्लास, त्यांचाही आणि आपलाही. पण एक बटण दाबलं की परत त्याच मजल्यावर उभे, गाणंसुद्धा तुटत नाही. विसाव्यांदा मेल्यावर उमगतं, की दार जोरात ढकललं तर मागचा माणूस पडतो. बंदूक उचलायची नाही, आवाजानं शेजारच्या खोलीतले पळत येतात. आमच्या तालमीच्या गावात ह्याला डाव बसणं म्हणतात. खासबागेच्या कुस्ती मैदानात बराच वेळ नुसती खडाखडी, म्हणजे एकमेकांची चाचपणी, चालते आणि निकाल दोन सेकंदांत लागतो. नवखा माणूस ते दोन सेकंद बघायला येतो, जाणकार खडाखडी बघतो.

दुसरा भाग २०१५ ला आला, ऑस्ट्रेलियानं त्याला वर्गीकरणच नाकारलं, म्हणजे तिथं विकायलाच बंदी. मला तो तसाही जमला नाही. नकाशे एवढे ऐसपैस केलेत की न दिसणारा कुणीतरी लांबून गोळी घालतो. त्यात कसला आलाय डाव?

पहिल्या भागातली खरी गंमत मात्र मारामारी संपल्यावर आहे. पार्लरमधला मुस्तफा नावाचा गेम आठवतोय? एका नाण्यात पुढच्या लेव्हलला जाणारा पोरगा आमच्या गल्लीचा हिरो होता. (गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, हे मला पंचविशीत कळलं.) त्यात पाडलेला माणूस लुकलुकायचा आणि गायब. रस्ता साफ, पुढं चला. आम्ही शेकडो पाडले, मढं एकाचंही बघितलं नाही. इथं शेवटचा माणूस पडला की गाणं तटकन थांबतं. आणि आल्या वाटेनं, आपणच घातलेल्या त्या पसाऱ्यातून, गाडीपर्यंत चालत जायचं. इतका वेळ त्या तालावर आपली मान डोलत होती, हे तेव्हा लक्षात येतं.

भाच्याला हे सगळं सांगितलं नाही. इंजिनिअरिंगला आहे, मोठा झालाय, दिला लॅपटॉप. पाऊण तास शिव्या घालत मेला, शेवटी एकदाचा मजला साफ केला, खुर्चीत उडालाच. मग कानावरचा हेडफोन काढून बघितला, परत लावला.

"मामा, आवाज गेला काय रे ह्याचा?"

"न्हाई. चाल की गाडीकडं."