दुःखाचे पाच टप्पे, व्हाया दादर

फोर्टमधलं ऑफिस ऐरोलीला हलवायचंय ना? मग बातमी शुक्रवारी पावणेसहाला फोडा. सगळ्यांचा एक पाय चर्चगेटकडे असतो, प्रश्न विचारायला कुणी थांबत नाही. सोमवारी मीटिंग लावा, माणशी दोन समोसे धरा आणि पडद्यावर तो प्रसिद्ध आलेख दाखवा: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी हे टप्पे १९६९ साली मांडले ते मरणाच्या दारात उभ्या असलेल्या रुग्णांशी बोलून, हे मात्र सांगू नका. समोसा घशाखाली उतरायचा नाही. टप्पे असे ओळीने येतातच असं नाही, हेही त्यांनीच सांगून ठेवलंय. गाळा. तुमच्या एक्सेलचे रकाने ओळीतच आहेत.

आता अकाउंट्समधल्या, विरारला राहणाऱ्या ताई. त्यांना जपा, कारण त्यांना हिशेब येतो. आज सकाळी गाडी विरारहूनच सुटते आणि संध्याकाळी चर्चगेटहून, म्हणजे दोन्ही वेळा बसायला मिळायची आशा. साठ किलोमीटर, एक डुलकी, मटार सोलून. उद्यापासून विरार ते दादर, पूल चढून सेंट्रल लाइन, ठाण्याला पुन्हा पूल, मग ऐरोली. परतताना दादरला विरार गाडी येते ती चर्चगेटहूनच भरून. तिथे आपण चढत नाही, मागचे चढवतात.

ताई म्हणतील, "सर, तीन महिन्यांचा पास परवाच काढलाय हो." पासाबद्दल बोलू लागलात की फसलात. मान किंचित कलती करा, दोन सेकंद थांबा आणि म्हणा, "तुम्हाला काय वाटतंय ते मी समजू शकतो." रकान्यात लिहा: नकार. पुन्हा दादर काढलं, तर राग. ठाणे स्टेशनहून कंपनीची बस मागितली, की घासाघीस. बसला नाही म्हणू नका, "विचाराधीन" म्हणा. नकार मिळालेला माणूस दुसऱ्याच दिवशी दुसरी नोकरी बघतो. विचाराधीन बसची तो सहा महिने वाट बघतो, आणि तेवढ्यात सामान हलवून होतं.

नेहमीच्या प्रश्नांचं पत्रक जरूर काढा. पार्किंगवर पाच प्रश्न, कॅफेटेरियावर चार. "घरी किती वाजता पोहोचेन" हा नको.

नैराश्यावर श्वसनाचं सत्र. वेळ संध्याकाळी साडेसहा. (दादरला त्याचा उपयोग नाही, तिथे बरगड्यांना जागा लागते.) डब्यातल्या बारा वर्षांच्या ग्रुपबद्दल, हळदीकुंकवापासून बाळंतपणापर्यंत सगळं धावत्या गाडीत साजरं केलेल्या बायकांबद्दल, ताई काही बोलल्या तर ऐकून घ्या, त्याला रकाना नाही.

मग एक दिवस ताई प्रश्न विचारायच्या थांबतील. स्वीकार. हिरवा रंग भरा, वरच्या साहेबांना कळवा. आठवड्याने त्यांचा राजीनामा येईल. फॉर्मवर कारणांच्या यादीत दादर नसतं; "वैयक्तिक" निवडा.