घसाऱ्याचा चेक कुणाच्या नावानं फाडला?

परीक्षेचं वेळापत्रक लागलं की इंदूरमध्ये भंवरकुआंपासून राजेंद्रनगरपर्यंत पोरांच्या फोनवर एक मेसेज फिरू लागतो. यंदा तो माझ्या भाचीनं मला पाठवला. वर एवढंच लिहिलं होतं, ‘मावशी, खरं आहे का गं?’

मेसेज असा: फायनान्शियल मॅनेजमेंटचा पेपर म्हणजे निव्वळ गणित. सूत्रांचं एक पान पाठ करा. थिअरीला हात लावू नका. मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडवा, तेच प्रश्न येतात, फक्त आकडे बदलतात. आदल्या रात्री एक सलग व्हिडिओ बघा. पास पक्का. शेवटी दोन फटाके आणि हात जोडलेलं चित्र.

हा विषय मी घरी, जेवणाच्या टेबलावर, बरीच वर्षं शिकवते. म्हणून फोनवर ‘नाही’ एवढंच न सांगता मी तिला वही घेऊन बोलावलं.

सूत्रांपासूनच सुरुवात केली, कारण सगळ्यात जास्त गोची तिथेच होते. तिला उदाहरण घातलं. मशीनची किंमत १०,००,००० रुपये, आयुष्य ५ वर्षं, भंगाराची किंमत शून्य, घसारा, म्हणजे वापरानं मशीनच्या किमतीत होणारी घट, सरळ रेषा पद्धतीनं, दर वर्षी सारखाच. घसारा आणि कर वजा जाण्याआधीचा नफा दर वर्षी ३,५०,०००. कर ३० टक्के, डिस्काउंट रेट, म्हणजे पुढे येणारा पैसा आजच्या किमतीत आणायचा दर, १० टक्के. मशीन घ्यावी की नाही?

एनपीव्हीचं, म्हणजे पुढे येणाऱ्या पैशाची आजची किंमत वजा आज घातलेला पैसा, हे सूत्र तिला घडाघडा येत होतं. घसारा २,००,०००, तो वजा करून १,५०,०००, त्यावर कर ४५,०००, उरले १,०५,०००. त्याला ३.७९१ नं (५ वर्षं दर वर्षी येणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत) गुणलं, ३,९८,०५५ आले. त्यातून १० लाख वजा. एनपीव्ही उणे ६,०१,९४५. खाली दोन रेघा मारून लिहिलं, ‘मशीन घेऊ नये.’ अक्षर अगदी मोत्यासारखं.

मी विचारलं, ‘घसाऱ्याचे दोन लाख कुठे गेले?’

‘खर्च आहे ना मावशी तो.’

‘बरं. मग चेक कुणाच्या नावानं फाडला?’

ती थांबली. पेन तोंडात. मग हळूच म्हणाली, ‘कुणाच्याच नाही.’ घसारा म्हणजे पुस्तकातली नोंद. तो कर वाचवतो म्हणून आधी वजा करायचा, आणि पैसा खिशातून गेलेला नाही म्हणून करानंतर परत मिळवायचा. आता रोख आली ३,०५,०००. गुणिले ३.७९१, म्हणजे ११,५६,२५५. एनपीव्ही अधिक १,५६,२५५. मशीन घ्यावी. सूत्र तेच, कॅल्क्युलेटर तोच, निर्णय बरोबर उलटा. सूत्रात काय घालायचं हे सूत्रांच्या पानावर कुठेच लिहिलेलं नसतं, आणि पेपर तपासणारा मुख्यतः तेच बघतो.

कर्जावरच्या व्याजाचंही तसंच. प्रश्नात व्याज दिलेलं दिसलं की मुलं ते रोख प्रवाहातून वजा करून मोकळी होतात. भांडवलाचा खर्च डिस्काउंट रेटमध्ये आधीच धरलेला असतो. पुन्हा वजा केलं की एकच व्याज दोनदा भरलं.

थिअरी सोडण्याचा सल्ला देणाऱ्याला एक सांगावंसं वाटतं, की बाबा, तुझं उत्तर चुकलंय हे तुला परीक्षेच्या हॉलमध्ये कळणार कसं? लाभांशावरून शेअरचा भाव काढणारं वॉल्टरचं मॉडेल घ्या. प्रति शेअर कमाई १० रुपये, गुंतवणुकीवर परतावा १५ टक्के, भांडवलाचा खर्च १० टक्के. लाभांश ४ रुपये दिला तर भाव १३० येतो. सगळे १० वाटले तर १००, काहीच वाटलं नाही तर १५०. ज्यानं थिअरी वाचलीय त्याला गणित करायच्या आधीच माहीत असतं, की कंपनी पैसा भागधारकांच्या अपेक्षेपेक्षा जास्त दरानं वाढवत असेल, तर लाभांश कमी केल्यावर भाव चढला पाहिजे. उतरला, तर कुठेतरी चूक आहे, परत बघ. थिअरी न वाचलेला मुलगा ७० रुपये उत्तर काढून निवांत पुढच्या प्रश्नाकडे जातो.

शिवाय मोदिग्लियानी आणि मिलर यांनी १९५८ मध्ये मांडलं, की काही गृहीतकं धरली तर कर्ज आणि भागभांडवल यांच्या प्रमाणानं कंपनीचं मूल्य बदलत नाही. त्यातला अर्धा जीव ‘काही गृहीतकं’ या दोन शब्दांत आहे. कर नाही, व्यवहाराचा खर्च नाही, बाजार परिपूर्ण. करच नाही म्हटलं तर निष्कर्ष असा, आणि कर आणला की कर्जाच्या व्याजावरची करबचत आत येते नि निष्कर्ष बदलतो. दोघांनाही पुढे नोबेल मिळालं, मोदिग्लियानींना १९८५ मध्ये, मिलरना १९९० मध्ये. पोरं मात्र ‘एम-एम’ म्हणजे काहीतरी गोळ्यांचं नाव असल्यासारखं लिहितात.

मागच्या पाच वर्षांच्या पेपरांबद्दल माझं भांडण अर्धंच आहे. सोडवाच. कुठला धडा किती वजनाचा आहे, तीन तासांत किती लिहून होतं, हे त्यांतूनच कळतं. पण ‘फक्त आकडे बदलतात’ हे खोटं. वरच्याच प्रश्नात एक ओळ वाढवली: सुरुवातीला १,००,००० रुपये खेळतं भांडवल, म्हणजे रोजचा धंदा चालवायला अडकवलेला पैसा, लागेल. आता ते पहिल्या दिवशी जातं आणि पाचव्या वर्षाच्या शेवटी परत येतं, पण तेव्हाच्या लाखाची आजची किंमत ६२,१००. एनपीव्ही ३७,९०० नं खाली, १,१८,३५५. जुना पेपर पाठ करणाऱ्याला ही ओळ दिसतच नाही. दिसली तरी भांडवल घालायचं आठवतं, परत काढायचं नाही.

आता एक माझी हौस. पैशाचं कालमूल्य शिकवताना मी नेहमी होळकरांचं कर्ज काढते. १८७० च्या सुमाराला दुसऱ्या तुकोजीरावांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये दिले, मुदत १०१ वर्षं, व्याज साडेचार टक्के. पातालपाणीच्या घाटातून गेलेली ती लाइन. मी विचारते, व्याज दर वर्षी हातात पडतं असं धरलं आणि डिस्काउंट रेटही साडेचारच घेतला, तर १०१ वर्षांनी परत येणाऱ्या मुद्दलाची त्या दिवशीची किंमत किती? पोरं वर्तमान मूल्याच्या आकड्यांचं टेबल उघडतात आणि ओरडतात, ‘यात १०१ वर्षं नाहीतच!’ टेबल बंद करा म्हणते. साडेचार लाख दर साल, कायमचं, भागिले ०.०४५, झाले बरोबर एक कोटी. म्हणजे शंभर वर्षांचं व्याज हेच जवळजवळ सगळं, आणि मुद्दल नावापुरतं. बारकाईनं काढलं तर मुद्दलाच्या वाट्याला साधारण १.१७ लाख येतात, उरलेले ९८.८३ लाख व्याजाचे. हे एकदा डोक्यात बसलं की पर्पेच्युइटीचं, म्हणजे कायम येत राहणाऱ्या रकमेचं, सूत्र वेगळं पाठ करावं लागत नाही.

उरली आदल्या रात्रीची गोष्ट. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग इथे कामाचा आहे. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्यानं तपासलं तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणून रात्री व्हिडिओ बघताना ‘सगळं येतंय’ असं वाटतं ते खरंच वाटतं, पोरांचा दोष नाही. पण समोरचा माणूस सोडवतोय आणि आपण मान डोलावतोय, हे सराफ्यातल्या खाऊगल्लीत उभं राहून दुसऱ्याला गराडू खाताना बघण्यासारखं आहे.

भाचीला मी तोच खेळत्या भांडवलाचा प्रश्न कोऱ्या कागदावर, वही न उघडता, तीन दिवसांनी करायला सांगितला. तिसऱ्या रात्री अकराला तिचा फोटो आला. घसारा परत मिळवलेला. व्याजाला हात लावलेला नाही. एनपीव्ही मात्र ५६,२५५. खाली तिचाच मेसेज: ‘मावशी थांब, लाख रुपये परत आणायचे राहिले.’