भिंतीचा रंग उजेडाला विचारून ठरवावा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ऋतूनुसार सजावट आणि भिंतींचे रंग या माझ्या लेखावर तुम्ही एवढी सविस्तर टीका केलीत, त्याबद्दल आधी आभार. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. भिंती शांत रंगाच्या ठेवा आणि ऋतू बदलला की पडदे, अभ्रे, चादरी बदला, हा माझा सल्ला तुम्हाला भित्रा वाटला. असल्या सल्ल्यांमुळेच सगळी घरं एकसारखी पांढुरकी झाली आहेत, असं तुम्ही म्हणता. ‘वर्षाचा रंग’ ही कंपन्यांची जाहिरात असते असं मी लिहिलं आणि पुढे त्याच रंगांची माहितीही दिली, हे तुम्हाला दुटप्पी वाटलं. रंगांचा मनावर होणारा परिणाम मी विचारातच घेतला नाही, हा आणखी एक आक्षेप. शेवटी तुम्ही ठणकावून सांगितलंत की बैठकीची खोली गडद चॉकलेटी करणार, आणि नाही आवडली तर चार-पाच वर्षांनी बदलू.

चॉकलेटी जरूर करा. गडद भिंतींना माझा विरोध नाही आणि लेखातही नव्हता. शांत रंग म्हणजे फिका रंग, असा अर्थ तुम्ही घेतलात. पण रंग किती उजळ आहे आणि किती भडक आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिंबासारखा पिवळा उजळ असतो, पण शांत मुळीच नसतो. गडद ऑलिव्ह, राखाडीकडे झुकणारा निळा आणि तुमचा चॉकलेटी हे काळपट असूनही डोळ्यांवर आदळत नाहीत. रंगाच्या डब्यावर किंवा शेड कार्डावर बहुतेक वेळा एलआरव्ही नावाचा आकडा असतो. पृष्ठभाग किती प्रकाश परत फेकतो, ते तो 0 ते 100 या मापात सांगतो. चॉकलेटी रंगाचा आकडा सहसा 10 च्या आसपास किंवा त्याहून कमी भरतो. भिंतीवर पडलेल्या प्रकाशातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग ती गिळून टाकणार, हे धरूनच दिव्यांची आखणी करायची. तेवढी तयारी असेल तर बेलाशक रंगवा.

उलट ज्या खोलीत उजेड कमी आहे तिला पांढरा रंग द्यावा, हा सर्रास दिला जाणारा सल्लाच मला पटत नाही. परत फेकायला प्रकाशच नसेल तर पांढरी भिंत कोपऱ्यांत मळकट राखाडी दिसते. अशा खोलीत एखादा खोल, दाट रंग जास्त शोभतो, कारण सावली त्याच्या अंगावर डागासारखी दिसत नाही.

आता ‘वर्षाच्या रंगा’बद्दल. पँटोनने ही प्रथा 2000 साठी सेरुलियन हा निळा जाहीर करून सुरू केली. 2024 ला पीच फझ म्हणजे पीचचा मऊ गुलाबी-केशरी, 2025 ला मोका मूस हा तपकिरी आणि 2026 ला क्लाउड डान्सर हा पांढरा. लागोपाठ तीन वर्षांत एवढी उलथापालथ झाली. भिंत या वेगाने रंगवायची गोष्टच नाही. मुळात पँटोन ही भिंतींचे रंग बनवणारी कंपनी नव्हे. कपडे, छपाई, वस्तू, वेष्टणं या सगळ्यांना रंगांची एक समान भाषा मिळावी, हे तिचं काम. भिंतींचे रंग बनवणाऱ्या कंपन्या आपापले रंग वेगळे जाहीर करतात. 2022 ला शेरविन-विल्यम्सचा एव्हरग्रीन फॉग आणि बेंजामिन मूरचा ऑक्टोबर मिस्ट हे दोन्ही राखाडी झाक असलेले हिरवे निघाले. एकाच उद्योगातली माणसं एकमेकांकडे बघत, एकच हवा ओळखत निर्णय घेतात. अमेरिकेत कलर मार्केटिंग ग्रुप नावाची संस्था 1962 पासून रंगांचे अंदाज बांधण्यासाठी लोकांना एकत्र आणते. कापड विणायचं, रंगवायचं, वस्तू घडवायच्या तर रंग बराच आधी ठरवावा लागतो.

म्हणूनच ती माहिती मी लेखात दिली आणि पुढेही देईन. तपकिरीचं वर्ष असलं की तपकिरीचे पडदे, गालिचे, दिव्यांच्या छत्र्या मुबलक मिळतात, छटांना पर्याय असतात. ती लाट ओसरली की नेमकी हवी ती छटा शोधत फिरावं लागतं. रंग आधीच ठरलेला असेल तर त्याच्या जोडीच्या वस्तू घ्यायला हा काळ उत्तम. जाहिरात जाहिरात म्हणून ओळखावी आणि तिच्यातून आपल्या कामाचं तेवढं उचलावं, यात मला दुटप्पीपणा दिसत नाही.

रंग शिळा कसा होतो, याचा जुना दाखला आहे. 1970 च्या दशकात अमेरिकी स्वयंपाकघरांत ॲव्होकाडोचा हिरवा आणि हार्वेस्ट गोल्ड हा मातकट पिवळा यांचं राज्य होतं. फ्रिज, शेगड्या, बेसिन सगळं त्याच रंगांत. ते रंग वाईट नव्हते. पण दहा-पंधरा वर्षं टिकणाऱ्या वस्तूंना ते लागले आणि पुढे जुनाटपणाची खूण होऊन बसले. आपल्या डोळ्यांदेखत राखाडीचंही तेच झालं. 2010 च्या दशकात भिंती, सोफे, फरश्या सगळं राखाडी होतं, आणि आता त्याच राखाडीला लोक थंड, निर्जीव म्हणतात.

तुमच्या टीकेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग म्हणजे भिंत तशीच ठेवून कापड बदलणं म्हणजे रंगाला घाबरणं. इथे मी तुमच्याशी पूर्ण असहमत आहे, आणि कारण सांगायला शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट सांगावी लागेल. पॅरिसमधल्या गोबेलॅं या प्रसिद्ध गालिचा-विणकामाच्या कारखान्यात तो रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळा रंग नीट चढत नाही, फिका पडतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने काळे धागे तपासले, दुसरीकडच्या काळ्या धाग्यांशी ताडून पाहिले. रंगात खोट नव्हती. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणल्यामुळे तो काळा डोळ्यांना दुबळा दिसत होता. शेजारचे रंग एकमेकांना कसे बदलतात, याचा त्याने पुढे वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि 1839 मध्ये तो प्रसिद्ध केला.

हे घरात करून बघा. राखाडी-हिरव्या भिंतीपुढे विटकरी अभ्र्यांच्या उशा ठेवल्या की भिंत चटकन हिरवी होते. त्याच उशांना बाटलीसारख्या गडद हिरव्या रंगाचे अभ्रे घातले की तीच भिंत राखाडी वाटायला लागते. ब्रश न लावता भिंतीचा रंग बदलला. माझ्या सल्ल्यामागे हा विचार आहे. एका नीट निवडलेल्या भिंतीतून वर्षभरात तीन-चार वेगळ्या भिंती काढता येतात, आणि त्यासाठी हिंमत कमी नाही, नजर जास्त लागते.

आणि ऋतूचा संबंध इथेच येतो. ऋतूनुसार सजावट म्हणजे त्या त्या मोसमात दुकानांत मांडलेल्या वस्तू घरी आणणं, एवढाच अर्थ सध्या उरला आहे, याचं मला खरोखर वाईट वाटतं. ऋतूबरोबर घरात बदलतो तो उजेड. उष्ण कटिबंधाच्या बाहेरच्या प्रदेशांत भर उन्हाळ्यातला आणि भर हिवाळ्यातला माध्यान्हीचा सूर्य यांच्या उंचीत सुमारे 47 अंशांचा फरक असतो. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, त्याचं ऊन खिडकीतून थेट आतल्या भिंतीपर्यंत शिरतं, आणि वाटेत फरशीवर आपटून तिचा रंग भिंतीवर उडवतं. लाकडी जमीन असेल तर भिंतीच्या खालच्या भागावर तांबूस झाक येते. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर, ऊन खिडकीपाशीच थांबतं. आत येतो तो बाहेरच्या झाडांवरून, समोरच्या भिंतीवरून परतलेला उजेड, आणि खिडकीबाहेर दाट झाड असेल तर तो चक्क हिरवट असतो. ढगाळ दिवसांत सगळीकडून सारखा, निळसर, सावल्या नसलेला प्रकाश येतो आणि उबदार रंगांची धार जाते. म्हणून निळसर, मंद दिवसांत विटकरी, मोहरी, तांबड्या रंगांचं जाड कापड आणि खाली ठेवलेले पिवळट दिवे. कडक उन्हाच्या दिवसांत ऊन चाळून घेणारे पातळ पांढरे पडदे आणि पसारा कमी. ही माझी ऋतूची सजावट. तिला कोणत्याही वर्षाच्या रंगाची गरज पडत नाही.

मनावरच्या परिणामाचं मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. या विषयात ठाम बोलणारे फार आणि पुरावा तोकडा. 1979 मध्ये अमेरिकेत सिएटलमधल्या नौदलाच्या कोठडीत एका खोलीला विशिष्ट गुलाबी रंग दिला. त्याने कैद्यांची आक्रमकता उतरते, असा दावा अलेक्झांडर शॉस या संशोधकाने केला आणि बेकर-मिलर पिंक या नावाने तो रंग जगभर गाजला. पुढे स्वित्झर्लंडमधल्या तुरुंगात गुलाबी आणि पांढऱ्या कोठड्यांची काटेकोर तुलना झाली, तेव्हा तसा काही परिणाम दिसला नाही. निळ्याने झोप येते, पिवळ्याने अभ्यास होतो, असली वाक्यं मी म्हणूनच लिहीत नाही. तुम्हाला तपकिरी भिंतीपाशी बसून बरं वाटतं ना? एवढं कारण मला पुरतं.

आता तुमच्या चॉकलेटीबद्दल काही चांगलं सांगते. तपकिरी, गेरू, पिवडी हे रंग बहुधा लोहाच्या ऑक्साइडवर उभे असतात. हे अत्यंत टिकाऊ रंगद्रव्य आहे. उन्हाने ते सहजासहजी विटत नाही आणि झाकण्याची ताकदही चांगली असते. भडक लाल, गुलाबी, पिवळ्याचं तसं नाही. त्यांतली बरीचशी सेंद्रिय रंगद्रव्यं झाकायला कमी पडतात, एकेक हात वाढत जातो, आणि थेट उन्हात ती लवकर फिकट होतात. 2023 चा विवा मॅजेंटा बैठकीत लावणार म्हणाला असतात तर मी तुमच्याशी जास्त वाद घातला असता.

‘पाच वर्षांनी बदलू’ मात्र वाटतं तितकं सोपं नाही. गडदावरून फिक्यावर यायचं तर आधी प्रायमरचा हात द्यावा लागतो, नाहीतर दोन हातांनंतरही खालचा रंग डोकावतो. गडद भिंत मळखाऊ असते, हाही समज अर्धाच खरा. हाताचे डाग कमी दिसतात, पण धूळ, ओरखडे आणि पुट्टीचे उंचवटे जास्त दिसतात. चकचकीत फिनिश घेतलंत तर तिरप्या उजेडात रोलरचा प्रत्येक पट्टा मोजता येईल. मॅट घ्या, पण खुर्च्यांच्या पाठी जिथे घासतात तिथे मॅटवर चमकणारे चट्टे उठतात, म्हणून धुता येणारं मॅट मागा.

रंगाऱ्याला बोलावण्याआधी एवढं करा. दोन मोठे पुठ्ठे घ्या, दोन हात लांब तरी असावेत. एकावर तांबूस झाकेचा चॉकलेटी, दुसऱ्यावर राखाडी झाकेचा. दोन-दोन हात द्या, कडेला पांढरी पट्टी सोडू नका, नाहीतर शेव्हरलचा नियम तिथेच आड येईल आणि रंग आहे त्याहून काळा दिसेल. पूर्ण वाळू द्या, कारण इमल्शन ओलं असताना दुधाळ दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं. मग पुठ्ठा उभा टेकवा, जमिनीवर आडवा ठेवू नका. आडव्या पृष्ठभागावर छताचा आणि खिडकीचा उजेड थेट पडतो आणि तुम्ही एक छटा उजळ रंग पाहून फसता. आधी खिडकीसमोरच्या भिंतीला लावून बघा, मग खिडकीच्या बाजूच्या भिंतीला. एकाच खोलीत, एकाच वेळी, एकच पुठ्ठा दोन रंगांचा दिसेल.

संध्याकाळी दिवे लावण्याआधी तर नक्की बघा. उजेड मंदावला की डोळ्यांना तांबडे रंग आधी काळवंडलेले दिसतात आणि निळे-हिरवे तुलनेने उजळ राहतात. पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे टिपलं होतं. तांबूस चॉकलेटी त्या वेळी जवळजवळ काळा होईल. मग दिवा लावा. 2700 केल्विनच्या पिवळट प्रकाशात तोच रंग पुन्हा जिवंत होतो, लालसर, ऊबदार. 6500 केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली मात्र त्यातली ऊब निघून जाते आणि ओल्या मातीसारखा करडेपणा उरतो. तुमच्याकडे सध्या पांढरे दिवे असतील तर रंगाआधी दिवे बदला.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत : छताचं काय ठरवलंय? चारही भिंती चॉकलेटी आणि वर शुभ्र पांढरं छत केलंत तर दोन्ही जिथे भेटतात तिथे कडक रेघ उठते आणि छत खाली आल्यासारखं वाटतं. त्याच तपकिरीची झाक असलेला दुधी किंवा मातकट पांढरा जास्त शोभेल. चौकटी आणि दारं कोणत्या रंगाची आहेत आणि खिडकी कोणत्या दिशेला उघडते, तेवढं कळवा, म्हणजे दोनपैकी कोणत्या झाकेकडे वळावं ते नेमकं सांगता येईल.